शटरला दोन कुलपं आणि लॅपटॉप उघडाच



तुमच्या धंद्याच्या कॉम्प्युटरवर आत्ता किती लोकांची आधार कार्डं पडलीयत? अंदाज नको, एकदा डाउनलोड्सचा फोल्डर उघडून मोजा. मोबाइलचं दुकान असेल तर हप्त्यावर फोन घेतलेल्यांची कागदपत्रं सापडतील. टूर्सचा धंदा असेल तर पासपोर्टचे स्कॅन, क्लास असेल तर मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबर. माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे मला तर विचारूच नका. दिवसभर लोक व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर सात-बारा, पॅन, मार्कशीट, भाडेकरार पाठवतात, "ताई, दोन प्रिंट मारा." प्रिंट घेऊन माणूस जातो, फाइल आमच्याकडेच राहते.

आमच्याकडे शटर ओढायच्या आधी तो फोल्डर रिकामा करायचा नियम आहे, रिसायकल बिनसकट. जे लागत नाही ते ठेवायचंच नाही, ही सगळ्यात स्वस्त सुरक्षा. पण प्रत्येक धंद्यात असं पुसून टाकता येत नाही. हप्ते चालू आहेत तोवर कागद लागतात, जीएसटीचे हिशेब वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात, पगारपत्रकं असतात, उधारीची वही आता एक्सेलमध्ये असते. तर जे ठेवायचंच आहे ते कुलपात कसं ठेवायचं आणि मेलवर पाठवायचं असेल तर बंद पाकिटात कसं पाठवायचं, हे आज बघू. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. शब्द अवघड आहे, काम नाही.

गुरांच्या बाजारात दलालांचा सौदा कधी पाहिलाय का? उपरण्याखाली दोघांचे हात, बोटं दाबून भाव सांगायचा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असतात. सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं, आकडा मात्र त्या दोघांनाच कळतो. एन्क्रिप्शन हेच करतं, उपरण्याऐवजी गणित वापरून. फाइल कुणाच्याही हातात पडली तरी त्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसते. ज्याच्याकडे किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यालाच मजकूर वाचता येतो. आज जगभर सर्रास वापरतात त्या पद्धतीचं नाव एईएस. दोन बेल्जियन संशोधकांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ती प्रमाण म्हणून जाहीर केली. ही पद्धत कशी चालते हे कुणीही वाचू शकतं, गुपित फक्त किल्लीत असतं. म्हणून "आमची पद्धत एकदम सीक्रेट आहे" असं सांगत कुणी सॉफ्टवेअर विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

विंडोजचा पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न विचारला की हमखास उत्तर येतं, "मॅडम, लॅपटॉपला पासवर्ड आहे की." तो पासवर्ड म्हणजे समोरच्या दाराची कडी आहे. लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला एका साध्या केबलने जोडली की, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर, सगळ्या फायली दिसतात. तुमचा पासवर्ड कुणी विचारतसुद्धा नाही. रिपेअरवाल्याला हे रोजचं काम आहे. जुना लॅपटॉप विकताना किंवा भंगारात देतानाही हीच गोष्ट लागू.

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या, छोट्या टूर्स काढायच्या. एसटी स्टँडवर त्यांची बॅग गेली, त्यात लॅपटॉप. लॅपटॉपची किंमत त्यांनी दोन दिवसांत मनातून सोडून दिली. पण त्यात चाळीसेक कुटुंबांचे पासपोर्ट, पॅन कार्ड आणि काही जणांची बँक स्टेटमेंट्स होती, व्हिसासाठी घेतलेली. आता एकेकाला फोन करून काय सांगायचं? त्या म्हणाल्या, पोलिसात तक्रार लिहायला अर्धा तास लागला आणि ते फोन करायला आठवडा. तीन कुटुंबांनी पुढची टूर रद्द केली. चोराने त्या फायली उघडून तरी पाहिल्या की नाही, देव जाणे. ते कळायला मार्गच नाही, आणि खरा त्रास तोच आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर तोच फोन "लॅपटॉप चोरीला गेला, पण तुमचे कागद कुणाला उघडता येणार नाहीत" असा झाला असता.

म्हणून पहिलं काम अख्ख्या डिस्कचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा आणि तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन असा पर्याय दिसतो का बघा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर सर्चमध्ये बिटलॉकर टाइप करा. होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर नसतो, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर ते अनेकदा आधीच चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो.

इथे एक मिनिट थांबा, कारण याची दुसरी बाजू आहे. बिटलॉकरची एक रिकव्हरी की असते, ४८ आकडी. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही फेरफार झाला की कॉम्प्युटर चालू होतानाच निळ्या स्क्रीनवर ती की मागतो. ती नसेल तर डेटा गेला, मग मायक्रोसॉफ्टला फोन करा नाहीतर कुणाला. मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरत असाल तर ती की बहुतेक वेळा तुमच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते, वेबसाइटवर लॉगिन करून बघता येते. पण कुठल्या अकाउंटमध्ये? लॅपटॉप ज्या दुकानातून घेतला तिथल्या पोऱ्याने सेटअप करताना भलताच मेल आयडी टाकला असेल तर? आजच तपासा. की कागदावर उतरवून घ्या. रिपेअरला टाकायच्या आधी तर नक्कीच.

फोनची काळजी त्यामानाने कमी. अँड्रॉइड १० पासून पुढचे नवे फोन आणि आयफोन आतून एन्क्रिप्ट होऊनच येतात, फक्त स्क्रीन लॉक लावलेला पाहिजे. १२३४ किंवा इंग्रजी एल अक्षराचा पॅटर्न लावून ठेवलात तर त्या एन्क्रिप्शनला काही अर्थ राहत नाही. आणि मेमरी कार्ड बहुतेक वेळा उघडंच असतं, ते काढून कुठल्याही फोनमध्ये टाकता येतं. ग्राहकांचे कागद मेमरी कार्डवर ठेवू नका.

एकेक फोल्डर बंद करायचा असेल तर

डिस्कचं कुलूप लॅपटॉप बंद असताना उपयोगाचं. तुम्ही लॉगिन केलंय, काउंटरवर पोरगं बसलंय, लॅपटॉप चालू आहे, तेव्हा सगळं उघडंच. शिवाय फाइल पेन ड्राइव्हवर किंवा मेलने बाहेर गेली की डिस्कचं एन्क्रिप्शन मागेच राहतं. तिथे फाइललाच कुलूप लागतं.

माझी शिफारस सेव्हन-झिपची. फुकट आहे, १९९९ पासून आहे, सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. इन्स्टॉल केलं की फोल्डरवर राइट क्लिक, सेव्हन-झिप, ॲड टू आर्काइव्ह. विंडोज ११ मध्ये काही वेळा आधी शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागतं. समोर खिडकी उघडेल त्यात फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा, उजवीकडे पासवर्ड दोनदा टाका आणि एन्क्रिप्ट फाइल नेम्सच्या चौकोनात टिक करा. ही टिक लोक विसरतात. ती नसेल तर आतली फाइल उघडणार नाही, पण नावं वाचता येतील. आणि नावात आपण काय काय लिहितो! "अमुक-पाटील-कर्ज-थकबाकी-नोटीस" एवढं नाव वाचलं की गावाला पुरेसं आहे. झिप फॉरमॅटच घ्यायचा झाला तर एन्क्रिप्शनच्या जागी झिपक्रिप्टो बदलून एईएस निवडा. झिपक्रिप्टो जुनं आणि कच्चं आहे.

कुलूप लावलेली नवी फाइल तयार झाली, पण जुना उघडा फोल्डर तिथेच आहे हे लक्षात ठेवा. आधी नवी फाइल उघडून बघा, मग जुनी पुसा, मग रिसायकल बिन रिकामी करा. आणि आतली फाइल नुसती डबल क्लिक करून उघडलीत तर तिची एक तात्पुरती प्रत कॉम्प्युटरवर तयार होते, कधीकधी ती मागे राहूनही जाते. म्हणून मी आधी डिस्कचं एन्क्रिप्शन सांगितलं. दोन्ही एकमेकांच्या फटी बुजवतात.

रोज उघडबंद करायची फाइल असेल, उधारीचं एक्सेल समजा, तर सेव्हन-झिपचा कंटाळा येईल. तिथे एक्सेलचंच कुलूप वापरा. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. वर्डमध्येही तसंच. पण प्रोटेक्ट शीट नावाचा जो दुसरा पर्याय आहे त्याने फसू नका. त्याने कुणी चुकून आकडे बदलत नाही एवढंच. ते एन्क्रिप्शन नाही. आणि फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात असेल तर आधी नव्या एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा, जुन्या प्रकाराचं कुलूप फार कमकुवत असतं.

टॅली वापरत असाल तर त्यात टॅलीव्हॉल्ट आहे. तो लावला की कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट होतो आणि यादीत कंपनीचं नावसुद्धा नुसत्या चांदण्यांसारखं दिसतं. पासवर्ड विसरलात तर टॅलीवालेही उघडून देऊ शकत नाहीत. हे वाक्य परत वाचा, पुढे लागणार आहे.

पीडीएफला पासवर्ड लावायला मात्र इंटरनेटवरच्या "लॉक पीडीएफ फ्री" छाप वेबसाइटवर जाऊ नका हो! ग्राहकाचं पॅन कार्ड सुरक्षित करायला म्हणून आपण ते आधी एका अनोळखी सर्व्हरवर चढवतो, म्हणजे कमालच. वर्डमधून पीडीएफ सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये पासवर्डचा पर्याय असतो. लिबर ऑफिस फुकट आहे, त्यातही आहे.

पासवर्ड, आणि आधारचं उदाहरण

फाइलच्या पासवर्डचा हिशेब बँकेच्या पिनपेक्षा वेगळा आहे. एटीएमचा पिन चार आकडी चालतो, कारण तीनदा चुकलं की कार्ड ब्लॉक होतं. फाइल चोराच्या घरी असते. तिथे त्याला थांबवणारं कुणी नाही, कॉम्प्युटर रात्रभर एकामागून एक पासवर्ड लावून बघतो. चार आकड्यांचे एकूण पर्याय १०,०००. कॉम्प्युटरला ते काहीच नाही. मोबाइल नंबर, जन्मतारीख, दुकानाचं नाव आणि पुढे २०२५, हे सगळं तो आधी लावून बघणार.

ई-आधारचीच पीडीएफ घ्या. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. आता ज्याला नाव माहीत आहे त्याला काय शोधायचं उरलं? जन्मवर्ष. शंभर वर्षं धरली तरी शंभर प्रयत्न, हातानेसुद्धा होतील. म्हणजे मेलमध्ये नाव लिहिलंय आणि सोबत ई-आधार जोडलंय, तर ते कुलूप नावापुरतंच. म्हणून ग्राहकाकडून शक्य तिथे मास्क्ड आधार घ्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि पुढे पाठवायचं असेल तर आपलं स्वतःचं कुलूप लावून पाठवा.

पासवर्ड लांब हवा, अवघड नको. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा. "कांदा ट्रॅक्टर पैठणी अंगठी सोमवार" अशा धर्तीवर. (हाच टाकू नका, इथे वाचणाऱ्या सगळ्यांना आता तो माहीत झालाय.) म्हणी आणि गाण्याच्या ओळी नकोत, त्या लोकांना पाठ असतात.

मेलचं काय

जीमेलवरून पाठवलेली मेल वाटेत सहसा एन्क्रिप्ट असते, म्हणजे मधल्या वायफायवाल्याला ती वाचता येत नाही. पण तुमच्या आणि समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये ती वाचता येईल अशीच पडून राहते. सीएच्या ऑफिसमधल्या आर्टिकलशिपच्या मुलाने पासवर्ड कुणाला दिला, तर तुमची पाच वर्षांची स्टेटमेंट्स तिथे आहेतच. जीमेलच्या कॉन्फिडेन्शियल मोडचा बराच गवगवा होतो. त्यात मेलला मुदत घालता येते, फॉरवर्ड बंद करता येतं. पण ते या टोकापासून त्या टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन नाही आणि समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतोच.

पक्कं काम करायचं तर पीजीपी. अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये हे आणलं. यात प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. एक सार्वजनिक, ती सगळ्यांना वाटायची, तिने फक्त कुलूप लागतं. दुसरी खाजगी, तिनेच उघडतं, ती कुणालाही द्यायची नाही. थंडरबर्ड या फुकट मेल सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून ही सोय आतच आहे. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेलवर दोघांचंही अकाउंट असेल तर हे सगळं आपोआप होतं, आणि बाहेरच्या माणसाला पासवर्ड लावून मेल पाठवता येते. जीएसटी किंवा टेंडरसाठीचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन असेल तर किल्ल्यांची जोडी तुम्ही आधीपासून वापरताय. ते टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये, पिनची चिठ्ठी चिकटवून पडलंय का? मग आपण कोऱ्या कागदावर सही करून ठेवलीय असंच समजा. घरी घेऊन या.

पण खरं सांगू? पीजीपीसाठी समोरच्यालाही ते वापरावं लागतं, आणि आपल्या भागातले किती सप्लायर आणि सीए ते वापरतात? परदेशी ग्राहकाशी डिझाइन किंवा करारांची देवाणघेवाण असेल तर जरूर शिका. बाकीच्यांनी एवढं करा: मेलचा मजकूर साधा ठेवायचा, कागद सेव्हन-झेड किंवा पासवर्ड लावलेल्या एक्सेल-पीडीएफमध्ये जोडायचे आणि पासवर्ड फोनवर सांगायचा. त्याच मेलमध्ये पासवर्ड लिहिणं म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून ठेवणं. सीएकडे एकदा समोरासमोर बसून पासवर्ड ठरवून घेतला तर दर महिन्याला फोनही नको. विषयाची ओळ आणि फाइलचं नाव उघडंच दिसतं, पीजीपीतही विषय बहुधा उघडा राहतो, म्हणून तिथे "ऑगस्ट कागदपत्रं" एवढंच पुरे. मोबाइलवर सेव्हन-झेड उघडायला झेडआर्काइव्हरसारखं ॲप लागतं, हे समोरच्याला आधी सांगा, नाहीतर "फाइल खराब आलीय" म्हणून फोन येईल.

कुलूपबंद फाइल आली की जीमेल कधीकधी इशारा देतं, कारण त्याला आतला व्हायरस तपासता येत नाही. आपणच पाठवलेली असेल तर ठीक. पण अनोळखी मेलमध्ये झिप आणि त्याच मेलमध्ये पासवर्ड असेल तर ती उघडू नका. व्हायरस पसरवणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे.

व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट असतात, ते बरोबर आहे. मात्र गूगल ड्राइव्हवर जाणारा चॅटचा बॅकअप तसा हवा असेल तर चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये ते वेगळं चालू करावं लागतं. आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असेल तर बाकी सगळं सोडाच.

एन्क्रिप्शन काय करत नाही तेही ऐका. २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा रॅन्समवेअर आला तर तो तुमच्या कुलूपबंद फायलींवर त्याचं आणखी एक कुलूप लावतो. त्यावर इलाज एकच, कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेला बॅकअप. तसंच मेलवर "आमचा बँक अकाउंट बदललाय" असं इनव्हॉइस आलं तर सप्लायरला ओळखीच्या नंबरवर फोन करा, पैसे नंतर. गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेच्या उपायांत नियमांनी एन्क्रिप्शनचं नाव घेतलंय. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. चहाच्या टपरीला कुणी तेवढा दंड लावणार नाही, घाबरू नका. पण तुमच्या वतीने दुसरा कुणी डेटा हाताळत असला तरी जबाबदारी तुमचीच राहते, हे धंदा सुरू करतानाच डोक्यात ठेवा.

किल्ली कुणाकडे

ओळखीतल्या एका हार्डवेअरवाल्या काकांना अचानक हार्ट अटॅक आला. माणूस शिस्तीचा, टॅलीव्हॉल्ट लावलेला, पासवर्ड फक्त डोक्यात. तेरावं झाल्यावर मुलगा दुकानात बसला आणि उधारी कुणाकडे किती, हेच कळेना. प्रामाणिक गिऱ्हाइकं स्वतः येऊन देऊन गेली. बाकीच्यांचं काय करणार? काकूंनी लग्नाची तारीख, कुलदैवत, पहिल्या स्कूटरचा नंबर, सगळं लावून पाहिलं. आजही ती कंपनी टॅलीत चांदण्यांसारखीच दिसते. कुलपाने आपलं काम चोख केलं, फक्त बाहेर राहिले ते घरचेच.

म्हणून पासवर्ड आणि ती ४८ आकडी की एका कागदावर लिहा, पाकिटात घाला, पाकीट सील करून घरच्या कपाटात दागिन्यांशेजारी ठेवा. दुकानात नको. बायको, नवरा, भाऊ, मोठी मुलगी, ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एकाला पाकीट कुठे आहे एवढं सांगा. पासवर्ड बदलला की त्याच दिवशी पाकीट बदला. आणि वर्षातून एकदा, दिवाळीत पाडव्याला वहीपूजन करतो ना, तेव्हा ते पाकीट उघडून त्यातल्याच कागदावरून एक बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. तिथे उघडला तर नवं पाकीट सील करा. नाही उघडला तर मूळ फायली अजून तुमच्याकडे आहेत, त्याच दिवशी नवं कुलूप घाला.

सेव्हन-झिपचा प्रत्येक क्लिक या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलाय. शेजारी लॅपटॉप घेऊन बसा आणि सुरुवातीला बिनमहत्त्वाच्या फोल्डरवर करून बघा, लग्नाच्या अल्बमवर नको.